नाव कमी केले

तलकाडची वाळू डिसेंबरच्या सकाळी पायाला गार लागते. चपला हातात घेऊन मी चालत होतो. पुढे सून, तिच्या बोटाला धरून नात, आणि मुलगा मागे कुठेतरी फोनवर. तो म्हैसूरला नोकरीला आहे; तिथून हे गाव पंचेचाळीसेक किलोमीटर, कावेरीच्या काठी. नीलगिरीच्या झाडांमधून वाळूची वाट जाते. चालता चालता एकदम पायऱ्या खाली उतरतात आणि खाली खड्ड्यात देऊळ उभं दिसतं, त्याचं छप्पर आपल्या पायांच्या पातळीला. मी वरच्याच पायरीवर थांबलो. सुनेला वाटलं, माझे गुडघे दुखतायत. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. मला आमचं जुनं गाव आठवलं होतं.

आमचं जुनं गाव भीमेच्या पोटात आहे. उजनीचं धरण 1980 साली पुरं झालं, पण गाव त्याआधीच उठलं. मी तेव्हा नववीत होतो. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की पळसदेवच्या पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ उघडं पडतं आणि पुण्या-मुंबईची माणसं फोटो काढायला येतात. आमच्या गावाचं वर येण्यासारखं काही नाही. मातीची घरं होती, ती मातीत गेली. हायस्कूलच्या चार खोल्या तेवढ्या दगडी होत्या. त्यांचा पाया कुठे असेल हे मी अजूनही काठावर उभा राहून बोट करून दाखवू शकतो.

शाळा बैलगाड्यांतून नव्या गावठाणात आली. बाकं आली, फळे आले, भिंतीवरचा जगाचा नकाशा गुंडाळून आला. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा आला. तो वाजवायचा लोखंडी दांडा मात्र वाटेत पडला. शेवटच्या गाडीत एक पत्र्याची पेटी होती. हेडमास्तरांनी आम्हा तिघांना त्या पेटीवर बसवलं आणि सांगितलं, काही झालं तरी उठायचं नाही. आम्हाला वाटलं, आत पैसे असतील. ओढ्यात गाडीचं चाक रुतलं, सगळे खाली उतरून ढकलायला लागले, आणि आम्ही तिघं तसेच वर बसून राहिलो. पेटीत काय होतं ते पुढे सहा वर्षांनी कळलं. त्याच शाळेत मी क्लार्क म्हणून लागलो आणि पेटीची किल्ली माझ्या हातात आली. आत जनरल रजिस्टर होतं.

ज्यांनी शाळेच्या कचेरीत काम केलेलं नाही त्यांना या वहीचं मोल कसं सांगावं? खाकी पुठ्ठ्याचं, कापडी बांधणीचं, दोन हातांनी उचलावं लागणारं हे रजिस्टर शाळेने कायम जपायचं असतं. हजेरीपटाची मुदत संपते, जुन्या पावत्या रद्दीत जातात, जनरल रजिस्टर जात नाही. शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक नंबर मिळतो आणि तो नंबर पुन्हा कधी दुसऱ्याला दिला जात नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. मग उजव्या बाजूला प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचं कारण, आणि अगदी कडेला दोन बोटं रुंदीचा शेरा. माझा नंबर 412. माझ्यानंतरचे तीन हजारांवर नंबर मी स्वतः लिहिले. पावसाळ्यात पानांना ओल लागू नये म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचो, कसर लागू नये म्हणून पानांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवायचो. आता सरकारने सगळं संगणकावर नेलंय, सरल प्रणालीत प्रत्येक मुलाची नोंद होते, ते चांगलंच आहे. पण तरीही रजिस्टर हाताने लिहावं लागतं, आणि लागावं असं मला वाटतं.

माजी विद्यार्थ्यांना शाळेशी जोडून ठेवायचं कसं, यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली. संघ स्थापन करा, मेळावा घ्या, देणगीदारांच्या नावांची पाटी लावा. कॉलेजांना तर नॅकच्या मूल्यांकनात याचे गुण असतात, त्यामुळे तिथे संघाची नोंदणी होते, बैठकांची इतिवृत्तं लिहिली जातात. शहरातल्या जुन्या, नावाजलेल्या शाळांचं मला कौतुक आहे; त्यांची माणसं जगभर असतात आणि ती शाळेच्या नावाने एकत्र येतात. खेड्यातल्या शाळेत माजी विद्यार्थी मेळाव्याला येतो तो आयुष्यात एकदा. दाखल्यासाठी मात्र तो चार-पाचदा येतो. रेशनकार्डाला दाखला लागतो, पासपोर्टाला लागतो, जन्मतारखेसाठी लागतो. मुलाच्या जातपडताळणीला बापाचा, आजोबाचा शाळेतला उतारा लागतो. अनुसूचित जातीचा असेल तर 1950 च्या आधीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना 1961 च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांना 1967 च्या आधीचा. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा गावोगावच्या शाळांची जुनी रजिस्टरं बाहेर निघाली, मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली. म्हणजे माणूस शाळा सोडून गेला तरी शाळा त्याला सोडत नाही. तो परत येतो, कचेरीच्या खिडकीपाशी उभा राहतो, आणि तिथे त्याच्याशी कोण कसं बोलतं त्यावर सगळं ठरतं.

हे मला माझ्या वडिलांमुळे कळलं. ते ज्या गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले तिथे मी त्यांना उताऱ्यासाठी घेऊन गेलो. ते सत्तरीचे होते, धुतलेलं धोतर नेसून आले होते. शाळेच्या आवारात शिरताच त्यांनी टोपी काढून हातात घेतली. आम्हाला सांगण्यात आलं, उद्या या. उद्या गेलो, साहेब नाहीत. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा उतारा मिळाला, खिडकीतून, मान वर न करता. वडिलांना वर्गखोली बघायची होती. कुणी हटकलं नसतं, पण मघाच्या त्या खिडकीनंतर त्यांना विचारण्याचं बळ राहिलं नाही. एसटीत ते मला एवढंच म्हणाले, ‘माझं नाव हाय म्हणजे त्यांच्याकडं.’ दुसऱ्या दिवशी मी आमच्या शाळेच्या खिडकीबाहेर एक बाक आणून ठेवला. दाखल्याला येणाऱ्याला आधी बसायला सांगायचं, पाणी द्यायचं, रजिस्टर काढून त्याची ओळ त्याला दाखवायची, आणि मग विचारायचं, आता कुठं असता? एवढं करायला पाच मिनिटं लागतात. या पाच मिनिटांत मोठाली, मिशांवर पांढरं आलेली माणसं आपल्या नावावर बोट ठेवून गप्प झालेली मी पाहिली आहेत.

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तिथे रजिस्टरात 1914 नंबरावर एक नाव लिहिलं गेलं, भिवा रामजी आंबेडकर. पहिली इंग्रजीत प्रवेश. शाळेने ते पान जपलं, आणि 2017 पासून महाराष्ट्र सरकारने 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला. मी साताऱ्याला गेलो होतो तेव्हा त्या शाळेच्या फाटकापाशी बराच वेळ उभा राहिलो. माझ्या मनात तो कारकून होता. त्या दिवशी त्याने आणखीही काही नावं लिहिली असतील. एका सुभेदाराच्या मुलाचं नाव त्याने टाक दौतीत बुडवून लिहिलं आणि पुढची ओळ घेतली. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने सगळी नावं सारखीच नीट लिहिली म्हणून हे नाव आज वाचता येतं. आमच्या धंद्यातला हा माझ्यापुरता सर्वांत मोठा माणूस, आणि त्याचं स्वतःचं नाव मला माहीत नाही.

साताऱ्यालाच कर्मवीर भाऊराव पाटलांचं वसतिगृह होतं, 1924 साली सुरू झालेलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव मिळालं. तिथल्या पोरांना जेवायला घालण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्याच कॉलेजात शिकवायला उभे राहिले. अशा माणसाला मेळाव्याचं निमंत्रण पाठवावं लागलं नसेल. ज्या घराने आपल्याला नावानिशी जेवू घातलं तिथे माणूस आपण होऊन येतो.

आता मेळाव्याकडे येतो, कारण मला खरं सांगायचंय ते त्याबद्दल.

गेल्या काही वर्षांत व्हॉट्सॲपमुळे बॅचचे ग्रुप झाले. ‘दहावी 1994’, ‘दहावी 2001’. एक ग्रुप माझ्याकडे आला, चांगली पोरं, काही पुण्याला, काही पिंपरीला कंपनीत, दोघं सैन्यात. म्हणाली, काका, आपल्या बॅचचं स्नेहसंमेलन घ्यायचंय, यादी द्या. मी बोर्डाला गेलेल्या परीक्षार्थींची यादी काढली, 31 नावं. यादी लिहिता लिहिता मला काय वाटलं कोण जाणे, मी रजिस्टरात मागे गेलो आणि ही पोरं पाचवीत आली तो जून काढला. 58 नावं होती. मी आजवर कधी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले नव्हते. सत्तावीस मुलं मध्येच कुठेतरी गेली होती आणि ती या बॅचची नव्हती, कारण बॅच दहावीवरून मोजतात. पाचवी ते सातवी एका बाकावर बसलेलं पोर, एका डब्यात जेवलेलं पोर, वीस वर्षांनी माजी विद्यार्थी ठरत नाही! शेऱ्याच्या रकान्यात बहुतेकांसमोर एकच वाक्य होतं. ‘सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.’ अक्षर माझं होतं.

मी त्या पोरांना म्हटलं, यादी देतो, पण पाचवीची देईन. ती एकमेकांकडे बघत राहिली. त्यातला एक, जो सैन्यात आहे, तो म्हणाला, काका, मग हुडकावं लागंल. पुढचे चार महिने आम्ही तेच केलं. बाजाराच्या दिवशी मी बाजारात बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचो. मुलींचं फार अवघड. लग्नानंतर आडनाव बदललेलं, कुणाचं नावसुद्धा बदललेलं, माहेरी आता कुणी उरलेलं नाही. एकीचा पत्ता तिच्या मामाच्या सोयऱ्याच्या किराणा दुकानातून लागला. तिघं-चौघं ऊसतोडीला गेलेले, त्यांच्या मुकादमांना फोन केले. धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणारे दोघं शाळेपासून तीन किलोमीटरवरच राहत होते आणि दहावीची पोरं दर दिवाळीला गावी येऊन त्यांच्याकडूनच मासे घेत होती. आठांचा पत्ता लागलाच नाही. एकोणीसजणांपर्यंत निरोप पोचला. आले अकरा.

पाचवीच्या वर्गशिक्षिका बाई आता थकल्यात. त्यांना खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठेवलं. घंटा झाली, प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. मग बाईंनी चष्मा लावून हजेरी घेतली, मी लिहून दिलेल्या 58 नावांची. ‘हजर’ म्हणताना चाळिशीतल्या पुरुषांचे आवाज पाचवीतल्यासारखे झाले. जे नव्हते त्यांच्या नावाला कुणीतरी मागून सांगायचं, दौंडला असतो बाई, गुजरातला आहे बाई. एका नावाला कुणी काही बोललं नाही, मग एकजण उठून म्हणाला, गेला बाई, विहिरीचं काम करताना. बाईंनी पेनाने त्या नावापुढे काही केलं नाही. थोडं थांबल्या आणि पुढचं नाव घेतलं.

ते पुढचं नाव एका मुलीचं. उत्तर आलं नाही. बाईंनी पुन्हा घेतलं. मांडवाबाहेर कडुनिंबाखाली एक बाई केव्हाची उभी होती, डोक्यावर पदर, कडेवर नातू. आत ये म्हटलं तर म्हणाली होती, मी दहावीची न्हाय. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा ती तिथूनच म्हणाली, ‘हजर बाई.’ इतक्या हळू, की शेजारच्याने मोठ्याने पुन्हा सांगितलं.

जेवणं झाल्यावर ती कचेरीत आली. माझं नाव दाखवा म्हणाली. मी रजिस्टर उघडून ओळ दाखवली. तिने नातवाला खाली ठेवलं, पदराला बोट पुसलं आणि मग ते बोट ओळीवरून सरकवत नेलं, स्वतःचं नाव, वडिलांचं, जन्मतारीख. जन्मतारीख तिला ठाऊक नव्हती. ती तिने दोनदा वाचली. बोट शेऱ्यावर आलं. सातवीची दुसरी सहामाही.

‘हे कुणी लिहिलं?’

‘मी,’ म्हणालो.

‘बराबर लिहिलंय की. नव्हतेच येत मी. आई पडून होती, धाकटी दोघं होती.’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद असतो, त्यात आई आजारी असणं मावत नाही, असं मी तिला सांगू शकलो असतो. पण ते खरं नाही. मावलं असतं. मला कुणी विचारायला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. वर्गातून गैरहजरांची यादी यायची, मी नाव कमी करायचो, पटसंख्या जुळवायचो, सही घ्यायचो. नाव कमी करणं हे आमच्या रोजच्या भाषेतलं वाक्य आहे. त्या दिवसापर्यंत मी ते कधी ऐकलं नव्हतं.

रजिस्टरात आता काही बदलता येत नाही, बदलूही नये. मी दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. डाव्या बाजूला रजिस्टरचा नंबर आणि नाव, उजवं पान त्या माणसासाठी मोकळं. आता कुठं असतो, काय करतो, मुलं काय करतात, शाळा का सुटली. तिच्यापासून सुरुवात केली. 2020 मध्ये निवृत्त झालो तरी गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, मी शाळेत जाऊन खिडकीबाहेरच्या त्या बाकावर बसतो. नवा क्लार्क तरुण आहे, गुणी आहे. दाखल्याला कुणी आलं की तो आधी त्याला माझ्याकडे बसवतो. वह्या आता तीन झाल्यात. जुन्या गावातले नंबर सर्वांत मागे राहिले आहेत, कारण ती माणसं पुनर्वसनात चारी दिशांना गेली. पण त्यांच्यातलं कुणी आलं तर ते आधी हेच विचारतात, ती घंटा आहे का हो अजून? आहे. मी उठून वाजवून दाखवतो.

तर मी तलकाडला पायरीवर उभा होतो. हे गाव एके काळी गंग राजांची राजधानी. मग चोळांनी घेतलं आणि राजराजपूर म्हटलं, मग होयसळ विष्णुवर्धनाने जिंकून घेतलं आणि 1117 साली कीर्तिनारायणाचं देऊळ बांधलं. 1610 मध्ये म्हैसूरच्या राजा वडियाराने श्रीरंगपट्टण काबीज केलं तेव्हा विजयनगरच्या सुभेदाराची बायको अलमेलम्मा दागिन्यांसाठी छळली गेली आणि तिने मालंगीपाशी कावेरीत उडी घेतली. जाताना तिने शाप दिला असं लोक मानतात: तलकाडची वाळू होवो, मालंगीचा डोह होवो, म्हैसूरच्या राजांना मूल न होवो. जाणकार सांगतात की वरच्या अंगाला चौदाव्या शतकात माधवमंत्र्याने बंधारा बांधला, पात्र उघडं पडलं आणि वाऱ्याने त्यातली वाळू गावावर आणून टाकली. बंधाऱ्याने गाव जाणं मला समजावून सांगावं लागत नाही. पण बाईच्या शापाची गोष्टही मी तिथे मन लावून ऐकली. गाव जातं तेव्हा कुणीतरी बाई कुठेतरी दुखावलेली असते.

कार्तिक अमावास्येला सोमवार आणि ठरावीक नक्षत्र जुळून आलं की इथे पंचलिंग दर्शन होतं. 2009 ला झालं, 2013 ला झालं, मग 2020 ला. वैद्येश्वर, पाताळेश्वर, मरुळेश्वर, अर्केश्वर, मल्लिकार्जुन, पाचही लिंगं एका दिवसात बघायला दूरदूरची माणसं लोटतात. आम्ही गेलो तो साधा दिवस होता. मरुळेश्वराच्या पायऱ्यांवर एक बाई खराट्याने वाळू ओढून घमेल्यात भरत होती. पायरी झाडून ती खाली उतरायची तोवर वरच्या पायरीवर पुन्हा थोडी वाळू आलेली असायची, येणाऱ्यांच्या पायांबरोबर. तिने वर पाहिलं आणि पुन्हा वरून सुरुवात केली. सुनेला म्हटलं, तिला विचार, रोज का? सून सोलापूरची, तिला कानडी येतं. तिने विचारलं. बाई हसून काहीतरी म्हणाली. ‘रोज सकाळी आणि जेवणानंतर,’ सुनेने सांगितलं.

बाहेर आलो तर झाडाखाली एका शाळेची सहल परतीच्या तयारीत होती. मुलं बसमध्ये चढलेली, ड्रायव्हरने इंजिन चालू केलेलं. तरुण शिक्षिका दारात उभी राहून वहीतून नावं वाचत होती. नातीने विचारलं, ती काय करते? सून म्हणाली, ‘हाजरी.’ कानडीतही तोच शब्द आहे. एका नावाशी शिक्षिका थांबली. पुन्हा वाचलं. आतून चार पोरं एकदम ओरडली. ड्रायव्हरने घड्याळ दाखवलं. शिक्षिकेने मान हलवली, इंजिन बंद करायला लावलं आणि वाळूच्या वाटेकडे तोंड करून तिने ते नाव मोठ्याने हाक मारून घेतलं, एकदा, दोनदा. पाचेक मिनिटांनी नीलगिरीच्या झाडांतून एक मुलगी पळत आली, दोन्ही बूट हातात, मोजे वाळूने भरलेले. शिक्षिका तिला काही बोलली नाही. वहीत खूण केली, तिचा एक बूट हातात घेऊन उलटा झटकला, आणि मग बस सुटली.